खुर्ची नंबर चार

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मी दप्तरखान्यात गेले ती फक्त एक तारीख पडताळायला. सकाळपासून अंग मोडून आलं होतं, तरी गेले. माझ्या प्रबंधात साथीच्या रुग्णालयावर एक प्रकरण होतं, आणि शहराच्या छापील इतिहासात त्याबद्दल एक ओळ होती: रात्रपाळीची परिचारिका नऊ तारखेला वॉर्ड सोडून पळाली. ती परिचारिका माझी पणजी. तिची मुलगी, म्हणजे माझ्या आईची आई, त्या एका ओळीपायी जन्मभर मान खाली घालून जगली.

"छापलेल्यावर जाऊ नकोस," माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "मूळ कागद बघ. आणि एकावर थांबू नकोस, दोन बघ."

दप्तरखान्याच्या बाईंनी माझं पेन काढून घेतलं, हातात पेन्सिल दिली, चार नंबरच्या खुर्चीवर बसवलं आणि वॉर्डाची नोंदवही पुढ्यात ठेवली. भरदुपार होती. वाचायला मी एकटीच.

बारा खाटा. दर तासाला प्रत्येकाचा ताप, नाडी, किती पाणी प्यायला. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. आठ तारीख. नऊ. दहा... थेट चौदापर्यंत तेच अक्षर, एक तास चुकलेला नाही! पळाली नव्हती ती. मला रडूच कोसळलं.

मग सरांनी सांगितलेला दुसरा कागद आठवला. बाईंनी मृत्यूंचं रजिस्टर आणून दिलं. नऊ तारखेच्या पानावर पणजीचं नाव होतं. पहाटे चार वाजता. वॉर्डातच.

"बाई... मग पुढचे पाच दिवस कोणी लिहिलं?"

बाईंनी नोंदवहीचं आठ तारखेचं पान बघितलं, मग चौदाचं. पुन्हा आठचं.

"अक्षर तर एकच आहे गं..."

भीती वाटायला हवी होती. मला मात्र हात जोडावेसे वाटले. बारा माणसं टाकून जाणं तिला मेल्यावरही जमलं नव्हतं. खोलीत फिनेलचा वास दाटून आला, आणि माझ्या कपाळाला काहीतरी गार टेकलं... क्षणभरच.

चौदा तारखेला बारावा रुग्ण बरा होऊन घरी गेला होता. त्याखाली पान कोरं असायला हवं होतं. तिथे शाईची एक ओळ होती. तारीख आजची.

"खुर्ची चार. ताप एकशे एक. घरी पाठवावे."

घरी आईने थर्मामीटर लावला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तिने तोंड उघडायच्या आत मी आकडा सांगितला.

"अगं, तुला कसं कळलं?"

"तुझी आजी कुठे पळाली नव्हती, आई," मी म्हटलं. "ती अजून ड्यूटीवर आहे."