सामनदेवाच्या दिव्यातला खडा

ताटलीत सतरा खडे होते: नऊ पिवळे, चार गुलाबी, तीन दुधाळ आणि एक निळा. दिनिथीने ते दोनदा मोजले आणि एकेकाचं वजन वहीत उतरवलं. सुट्टीतला शाळेचा प्रकल्प होता.

"सगळे कुरुंद या एकाच रत्नखनिजाचे ना? मग रंग निरनिराळे कसे?" धाकट्या यसिरुने विचारलं. सकाळपासून तो मालकांच्या, म्हणजे मुदलालींच्या, ओसरीवर येरझाऱ्या घालत होता.

"शुद्ध असते तर सगळे पाण्यासारखे बिनरंगी दिसले असते. किंचित लोह शिरलं की पिवळा, क्रोमियम शिरलं की गुलाबी. लोह आणि टायटॅनियम जोडीने आले की निळा."

"म्हणजे जितकी भेसळ, तितका भाव."

खडे त्यांच्या बाबांनीच, विमलसेनांनी, काल ओढ्यात खाणीची वाळू धुताना वेचले होते. खाण मुदलालींची. दुपारी कोलंबोचा व्यापारी येणार होता, आणि विक्रीआधी खड्यांना सामनदेवापुढचा दिवा दाखवायचा हा त्या घराचा नेम. बाबा ताटली देवघरात ठेवून आले. थोड्या वेळाने मुदलाली आत गेले आणि तिथूनच ओरडले.

सगळे धावले. देवघराला खिडकी नव्हती. तेलाच्या समईचा तेवढा पिवळा उजेड. मुदलालींच्या चिमटीत जांभळा खडा होता. निळा कुठेच नव्हता.

"ताटली कोणी आणली आत? तूच ना, विमलसेना? वीस वर्षं विश्वास टाकला तुझ्यावर. व्यापारी येऊन जाऊ दे, मग पोलिसांनाच बोलावतो. उद्यापासून खाणीवर पाऊल टाकायचं नाही."

बाबांनी खिसे उलटे केले. यसिरु ओसरीखालचं गवत चाळायला पळाला, तिथून पन्हळीकडे, तिथून परत. दिनिथीने पुन्हा खडे मोजले. सतराच.

मुदलाली दाराकडे वळले, तेव्हा खड्याची बाहेरची कड क्षणभर निळसर चमकली. मुदलालींचं लक्षच नव्हतं. ते बोलतच होते.

दिनिथीने हात पुढे केला.

"हात लावू नकोस! तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी."

तिने हात मागे घेतला. मग अगदी साळसूदपणे म्हणाली, "नाही लावत, मामा. पण चोराचा खडा सामनदेवापुढे ठेवायचा का?"

मुदलाली चपापले. खडा तळहातावर घेऊन घाईघाईने ओसरीवर आले. बाहेर पावसाळी, करडा उजेड होता.

तळहातावरचा खडा निळा होता.

त्यांनी मूठ मिटली, उघडली. आत गेले: जांभळा. बाहेर आले: निळा. तिसऱ्या खेपेला यसिरु म्हणाला, "मामा, चोर सारखा आत-बाहेर करतोय."

"गप्प बस रे," बाबा म्हणाले, पण त्यांना हसू आवरेना.

दिनिथीने सांगितलं ते असं: खड्यात बहुधा व्हेनेडियम असावं. असा खडा निळा आणि लाल हे दोन्ही रंग आरपार सोडतो. दिवसाच्या उजेडात निळा भरपूर असतो, म्हणून खडा निळा. समईच्या ज्योतीत लाल जास्त, म्हणून जांभळा.

"चाळीस वर्षं खडे पाहतोय मी," मुदलाली सावकाश म्हणाले, "ते सगळे सकाळच्या उन्हात. माझ्या बापाने शिकवलं होतं, दिव्याखाली खडा पारखू नये. आज व्यापाऱ्याच्या घाईत विसरलो." त्यांनी स्वतःची खुर्ची बाबांकडे सरकवली. "बस, विमलसेना. चुकलो मी. पोरगी हुशार आहे तुझी."

बाबा बसले नाहीत. "आधी वजन करा," ते म्हणाले. "संशय उरायला नको."

मुदलालींनी काटा आणला. दिनिथीने वहीतलं सकाळचं पान उघडून शेजारी ठेवलं. तिथे लिहिलं होतं: निळा, ४.३६ कॅरेट. यसिरुसुद्धा आता जागचा हलत नव्हता. मुदलालींनी खडा काट्यावर ठेवला. आकडे वरखाली झाले आणि थांबले.

४.३६.