एकशे अठ्ठेचाळीस दाबली

पटत नसेल तर नका वाचू. पण हे घडलंय. माझ्या मेव्हण्याच्या दुकानात, मागच्या मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता.

मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ. लॅपटॉप दुरुस्त करतो. हुशार आहे, पण शिष्ट. जगात अक्कल एकट्यालाच, असा थाट. आमचे सासरे शेवटच्या दिवशी आतून हाका मारत होते, तेव्हा हे महाशय हेडफोन लावून बसले होते.

तर एक काकू लॅपटॉप घेऊन आल्या.

"ही वरची की आपोआप वाजते. बंद करून द्या."

काकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. हाक मारायला त्यांना ही जादा की बसवून दिलेली; ती दाबली, की लॅपटॉपवर घंटा वाजायची. काकू "आले, आले" म्हणत धावायच्या.

यजमान जाऊन महिना झाला होता.

"कचरा अडकलाय," मेव्हणा फिसकन हसला. "कीबोर्डवर जेवायचं आणि वर भुताचं नाव घ्यायचं!"

"मी कुठे भुताचं नाव घेतलं?"

त्याने कीचा नंबर दाखवणारा प्रोग्राम लावला. की दाबली की एक ओळ येते, सोडली की दुसरी.

घंटा वाजली...

१४८ दाबली.

सुटल्याची ओळ येईचना.

त्याने कीबोर्ड उपसून टेबलावर ठेवला. आता लॅपटॉपला एकही की नव्हती.

घंटा चालूच...

"सिस्टिम गंडलीय." त्याने चिडून लॅपटॉपला हुकूम दिला, १४८ कडे दुर्लक्ष कर.

घंटा थांबली. ओळ तशीच.

काकूंचा चेहरा उतरला. "मीही हेच केलं होतं. अर्धा तास झोप मिळावी म्हणून घंटा बंद केली. उठले तर... त्यांचं बोट कीवरच होतं."

"काकू, यंत्राला मन नसतं," मेव्हणा म्हणाला. हलकट कुठला!

काकूंनी त्या सुट्या कीबोर्डवर हात ठेवला.

"आले हो... आले."

१४८ सुटली.

त्या डोळे पुसत लॅपटॉप घेऊन गेल्या.

मेव्हणा आपल्या कॉम्प्युटरकडे वळला. त्याच्या कीबोर्डला ती जादा की नाहीच. तो प्रोग्रामही तिथे लावलेला नव्हता.

तरी स्क्रीनवर एकच ओळ होती...

१४८ दाबली.

काल मी मुद्दाम त्याची जिरलेली बघायला गेलो. गिऱ्हाईक समोर उभं, आणि हा स्क्रीनकडे बघत पुटपुटतोय, "आलो बाबा... आलो."

मला हसू आलं नाही.

ओळ अजून तशीच आहे.