कासव कुठे थांबतं

न बांधलेल्या घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे. आर्किटेक्ट नकाशा देतात, मी त्यावरून कॉम्प्युटरमध्ये भिंती, खिडक्या, फर्निचर उभं करते. मग सॉफ्टवेअर हिशेब करतं, की या खोलीत ऊन आलं तर कुठे पडेल, कुठून परतेल, सावली कुठे उरेल. त्यातून जे चित्र निघतं त्याला आम्ही रेंडर म्हणतो. गिऱ्हाईक ते बघून म्हणतं, "अगदी खरं वाटतंय हो!" आणि सोफ्याचा रंग बदलायला सांगतं.

आमचं जुनं सॉफ्टवेअर पेन्शनीला आलं होतं. नवं कुठलं घ्यायचं हे ठरवायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. वेग किती आणि चित्र किती खरं, एवढंच तपासायचं. तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला मिळाली. एक पहिल्याच दिवशी बंद पडलं ते पडलंच. उरलेल्या दोघांना शेजारच्या टेबलावरच्या टर्बोने नावं ठेवली, ससा आणि कासव. टर्बोला टर्बो म्हणतात, कारण तो जेवतोसुद्धा उभ्याउभ्याच.

ससा उजेडाचे थोडेच किरण सोडतो, उरलेलं अंदाजाने भरतो आणि वरून इस्त्री फिरवतो. चित्र चकचकीत, चुटकीसरशी. कासवाचं तसं नाही. ते चित्राचे छोटे चौकोन पाडतं आणि एकेका चौकोनात प्रत्येक किरणाचा माग काढतं. चालू चौकोनाला पिवळी कड असते, त्यामुळे काम कुठवर आलंय ते दिसतं. काच असली, पाणी असलं, चुण्यांचा पडदा असला की चौकोन तिथे रेंगाळतो. कोऱ्या भिंतीवरून तो सुळकन पुढे सरकतो. पिवळा चौकोन कुठे किती थांबला हे बघून आम्हाला कळतं, की त्या जागी काहीतरी गुंतागुंतीचं आहे.

परीक्षेसाठी दोघांना एकच खोली द्यायची आणि खऱ्या खोलीशी पडताळून बघायचं, अशी पद्धत आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, मी आमच्याच घराची पुढची खोली घेतली. तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी, टेबल, दोन खुर्च्या, पुस्तकांचा कप्पा आणि खिडकीशेजारी मोकळी भिंत. तिथला उजेड मला पाठ आहे. त्या घरात मी आईबरोबर राहिले, आणि गेल्या थंडीत आई गेल्यापासून एकटीच राहत होते.

त्या मोकळ्या भिंतीला टेकून आई संध्याकाळी माझी वाट बघायची. बघायची म्हणजे नुसती उभी राहायची, कारण मोतीबिंदूने तिला खालचा रस्ताही दिसत नव्हता. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायची. मी आत आले की ती चालत येऊन माझ्या तोंडाशी तोंड आणायची आणि माझा चेहरा वाचायची. तिच्या श्वासाने माझ्या चष्म्यावर वाफ धरायची.

"आई, लांब हो, दिसत नाही मला."

"मला तरी कुठे दिसतंय!"

हे आमचं रोजचं. लोक देवाला नमस्कार करतात तसं आम्ही हे म्हणायचो.

कासवाने पहिला रेंडर सुरू केला तेव्हा मी डबा खात होते. चौकोन छतावरून भराभर आला, खिडकीच्या काचेवर अपेक्षेप्रमाणे रेंगाळला, आणि मग शेजारच्या मोकळ्या भिंतीवर थांबला. तिथे थांबायला काहीच नव्हतं. पांढरा रंग लावलेली सपाट भिंत होती ती. बऱ्याच वेळाने तो सुटला, पुढे पळाला, आणि खालच्या ओळीत बरोबर त्याच जागेखाली पुन्हा अडकला. असं जमिनीपर्यंत होत गेलं. अडकलेले सगळे चौकोन जोडले तर भिंतीसमोर एक उभी पट्टी होत होती, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी कमी.

"ताई, तुमचं कासव झोपलं वाटतं," टर्बो म्हणाला.

चित्र पूर्ण झालं. भिंत कोरी होती.

असल्या गोष्टींना मी भुताटकी म्हणत नाही, चूक म्हणते. चुकून लपून राहिलेली वस्तू असेल, एकावर एक चढलेल्या दोन भिंती असतील. मी फाईल उलटीपालटी करून तपासली. ती भिंत पुसून नवी काढली. पडदा काढला. फाईल टर्बोच्या मशीनवर टाकली. पट्टी तशीच राहिली. सशाला तीच खोली दिली तर त्याने भिंत इतरांसारखीच गुळगुळीत करून हातावर ठेवली. पण सशाचं काय, त्याला अंदाजाने काम करायचं असतं. रिकाम्या खोलीत भिंतीपाशी काही असेल असा अंदाज कोण करणार?

दुसऱ्या दिवशी फाईलला हातही न लावता मी रेंडर पुन्हा चालवला. या वेळी मोकळ्या भिंतीवरून चौकोन सुळकन गेला. मला हायसं वाटलं. मग तो टेबलाच्या पलीकडे अडकला.

दादाचा फोन त्याच आठवड्यात आला. माझा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. घर विकायचं आमचं ठरलं होतं, म्हणजे त्याचं ठरलं होतं आणि मी मूग गिळून बसले होते. घेणारं कुटुंब मिळालं होतं. महिनाअखेर किल्ली हवी होती.

"अगं, सामान हलवायला घेतलंस का?"

"बघते."

"महिनाभर बघतेच आहेस. एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करणार तू? चार भिंती कवटाळून बसणारेस का?"

 जे मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. "दादा, मी गेले तर आई एकटी पडेल तिथे."

 "आई नाहीये गं आता," तो म्हणाला. रागावून नाही, लहानपणी पडल्यावर उचलायचा तसं म्हणाला. "जेवलीस का?"

मी जेवले होते, तरी रडू आलं.

मग मी रोज दुपारी डब्याबरोबर कासव चालवू लागले. सरांना वाटलं, बाई मन लावून परीक्षा घेतेय. खरं सांगायचं तर मला सोबत मिळाली होती. त्या घरात संध्याकाळी गेलं की नळ टपकतो तेवढाच आवाज, आणि इथे ऑफिसात, चौदा इंचांच्या चित्रात, कुणीतरी होतं. चौकोन अडला की मला बरं वाटायचं. मी घास हातात धरून बघत बसायची. एकदा मी टेबलाला लागून असलेली आईची खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवली, कॉम्प्युटरमधली खुर्ची. वेडेपणाच होता तो. पण तिने बसावंसं मला वाटलं.

ती बसली नाही. पट्टी टेबलाला वळसा घालून पुढे आली होती.

पुढे आली हे मला कसं कळलं, तर ती रुंद झाली होती. वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ आली की ती चित्रातली जास्त जागा खाते. कॅमेरा मी दारात ठेवला होता, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. माझी सवय आहे ती. मी नेहमी स्वतः उभी आहे असं धरूनच घर बघते. आधी पट्टीत भिंतीपाशी एकाशेजारी एक दोन चौकोन होते, टेबलापाशी तीन झाले, आता पाच.

घरी गेल्यावर मी खरोखरीच्या दारात उभी राहून खोली बघितली. ऊन टेबलावर आलं होतं. पाच चौकोन म्हणजे कुठे, ते माझ्या धंद्यात नजरेने सांगता येतं. माझ्यापासून दोन हातांवर. मी हात पुढे केला. हवा होती, नेहमीची. तरी मी हात लगेच मागे घेतला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आई असेल तर भ्यायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं. हे वाक्य मी दोनतीनदा म्हटलं, कारण त्याच्या पुढचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं.

सरांनी निकाल विचारला. मी खरं तेच सांगितलं. खरेपणात कासव, वेगात ससा.

"गिऱ्हाइकाला चित्र कालच हवं असतं," सर म्हणाले. "ससा घेऊ."

"कासवाला काही दिसतं ते सशाला दिसत नाही, सर."

"गिऱ्हाइकाला दिसतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

 कासवाचा फुकटचा महिना शुक्रवारी संपणार होता आणि घराचाही. दोन्हीकडून माझा जीव टांगणीला लागला होता. एका घरातून मी निघायचं आणि कॉम्प्युटरमधल्या घरातून ती जाणार. शेवटी मी ठरवलं, निरोप घ्यायचा तर नीट घ्यायचा. मी कॉम्प्युटरमधल्या खोलीतून एकेक वस्तू काढली. कप्पा काढला, टेबल काढलं, माझी खुर्ची काढली, सर्वांत शेवटी आईची. उरल्या भिंती आणि खिडकी. कासव सुरू केलं.

चौकोन छतावरून आला, भिंतीवरून गेला, जमिनीवरून गेला. कुठेच थांबला नाही. एकदाही नाही.

"ताई, कासव पळालं की!" टर्बो ओरडला. मग माझ्याकडे बघून त्याने पाण्याची बाटली पुढे केली. "काय झालं? पटकन झाला ना रेंडर?"

"हो," मी म्हणाले. "पटकन झाला."

दादाने येऊन किल्ली घेतली. त्याने मला नव्या जागेपर्यंत सोडलं.  नवी जागा म्हणजे एकच खोली, भाड्याची, पांढऱ्या भिंती, एक खिडकी. सामानाचा टेम्पो उद्यावर गेला होता. माझ्याकडे गादी, एक बॅग आणि ऑफिसचा लॅपटॉप होता. मी गादीवर बसले, भिंतीला पाठ लावून. अजून ऊन होतं. शेजारी कुणीतरी खिळा ठोकत होतं.

आईचं कपाट या खोलीत कुठे मावेल ते बघायला मी खोलीची मापं आधीच घेतली होती आणि लॅपटॉपवर ती उभी केली होती. सुताराच्या घरी सगळं मोजलेलं, तसं आमचं. कपाट अजून टाकलं नव्हतं. कॅमेरा सवयीने ठेवला, मी बसले होते तिथेच, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. तो शुक्रवार होता, कासवाचा शेवटचा दिवस. सशावर हे झटक्यात झालं असतं. पण मी कासव उघडलं. चार कोऱ्या भिंती, त्याला वेळ तो किती लागणार?

पहिला चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यात आला आणि थांबला.

मला वाटलं, लॅपटॉप तापला असेल. थोड्या वेळाने तो शेजारच्या चौकोनावर गेला. तिथेही थांबला. मग पुढच्यावर. छताच्या मधोमध थांबला, खिडकीवर थांबला, रिकाम्या भिंतीवर थांबला. या वेळी पट्टी नव्हती.

पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक चौकोन थांबत होता.

भिंतीपाशी दोन, टेबलापाशी तीन, दारापाशी पाच. मी धंद्यातली बाई आहे, मला हिशेब येतो. सगळे चौकोन अडायचे तर मधे जे आहे ते कॅमेऱ्याला किती जवळ हवं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

शेजारचं खिळा ठोकणं थांबलं होतं.

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. पण स्क्रीन अंधूक झाली, अक्षरं पसरली. मी चष्मा काढला. काचांवर वाफ धरली होती. मी बोटाने आतून पुसून बघितलं, आतली बाजू कोरडी होती. वाफ बाहेरून होती.

ओढणीने पुसून मी चष्मा परत घातला. काचांवर पुन्हा वाफ धरली.

"आई, लांब हो," मी म्हणाले. माझा आवाज खोलीत फार मोठा वाटला. "दिसत नाही मला."

याला आईचं उत्तर ठरलेलं होतं. इतक्या वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. मी त्याची वाट बघत बसले.

काचा हळूहळू निवळल्या. मग पुन्हा वाफ धरली.