तपकिरी तार

दातांच्या डॉक्टरांची करडी गाडी तिसऱ्यांदा दुकानात शिरली, तेव्हा मास्तरांनी तोंडाला लावलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. दुपारचे अडीच वाजत होते. आज शनिवार, अर्ध्या दिवसाचं काम, आणि त्यात ही ब्याद.

"मास्तर, तुमच्या त्या पडद्याला वेड लागलंय," डॉक्टर काच खाली करून म्हणाले. "दवाखान्याबाहेर गाडी उभी. इंजिन बंद. हँडब्रेक ओढलेला. म्हटलं बायको येईपर्यंत जरा मॅच बघू. तर हा मलाच दटावतोय!"

पडद्यावर निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. गाडी धावत आहे. चित्र दाखवता येणार नाही. रस्त्याकडे लक्ष द्या.

"बघा. आत्ता धावतेय का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग त्याला सांगा की!" डॉक्टरांनी किल्ली त्यांच्या हातावर आपटली. "संध्याकाळी येतो. तोवर नाही झालं तर काढूनच टाका मेलं. साधा रेडिओ बसवा."

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. गाड्यांमध्ये पडदे, स्पीकर, कॅमेरे बसवायचं त्यांचं काम, आणि मास्तर हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. कारण काम झालं की ते गिऱ्हाइकाला स्टिअरिंगच्या चाकामागे बसवत आणि धडा दिल्याशिवाय किल्ली सोडत नसत. "पत्ता आधी टाकायचा, गिअर नंतर. गाणं बदलायचं तर चाकावरच्या बटणानं, पडद्याकडे न बघता. फोन आला तर वाजू द्यायचा, तो काही रडत बसत नाही. आणि पडद्याला बोट लावायचं ते गाडी कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून. कळलं?"

गिऱ्हाईक मान डोलवी. मग मान खाजवून म्हणे, "मास्तर, तेवढी ती तार..."

ती तार तपकिरी. पडद्यापासून हँडब्रेकपर्यंत जाणारी. ब्रेक ओढला की तिच्यातून पडद्याला कळतं, गाडी उभी आहे. मग तो सिनेमा दाखवतो, नाहीतर नाही. पण तीच तार ब्रेकला न जोडता गाडीच्या लोखंडाला जोडली, की पडद्याला जन्मभर वाटतं ब्रेक ओढलेलाच आहे. गाडी शंभरनं पळाली तरी चित्र चालू. पाच मिनिटांचं काम.

धडा देऊन झाल्यावर मास्तर वाकून ते पाच मिनिटांचं काम करत. अकरा वर्षं करत आले होते. पहिल्यांदा मन खट्टू झालं होतं. तेव्हा दुकानाचे शेठ म्हणाले होते, "मास्तर, आपण नाही केलं तर समोरचा करील. हे दुकान आहे, प्रवचन नाही." नंतर मन खट्टू व्हायचंही राहिलं.

डॉक्टरांच्या गाडीतही ती तार त्यांनीच जोडली होती. म्हणून तर डोकं फिरत होतं. या पडद्याला गाडी उभीच वाटायला हवी होती, आणि तो उभ्या गाडीला धावती म्हणत होता.

शेठ जेवायला गेले. मास्तर गाडीत शिरले.

त्यांनी खिशातला पेनड्राइव्ह लावला. प्रत्येक गाडीत ते एकच ध्वनिमुद्रण लावून स्पीकर तपासत. एका म्हाताऱ्या बुवांचं गाऊन सांगितलेलं प्रवचन. झांजेवर बारीक आवाज कळे, ढोलाच्या थापेवर खोल. शिवाय मास्तरांना ते मनापासून आवडे. बुवा गाता गाता मध्येच थांबत, सगळी सभा गप्प होई, आणि ते अगदी हळू विचारत, "ऐकताय ना?" त्या दोन शब्दांवर मास्तर आजवर कितीदा विरघळले होते!

आवाज ठीक होता. खोट पडद्यातच. मागच्या खेपेला त्यांनी पडदा बदलला होता. खोक्यातून नवाकोरा काढून बसवला, तोही हेच म्हणाला. जुना दुसऱ्या गाडीत लावला तर गुण्यागोविंदानं चालला. म्हणजे तारेत दोष. त्यांनी मीटर लावला. तार लोखंडाला घट्ट जोडलेली. बॅटरी सोडवून पुन्हा जोडली.

गाडी धावत आहे.

"धाव बाबा, धाव," मास्तर दातओठ खात म्हणाले. "कुठं जायचंय तुला?"

त्यांनी नकाशा उघडला.

नकाशावर गाडीचा निळा बाण चालला होता.

अँटेना बिघडली असणार. दुसऱ्या कुठल्या गाडीचा संदेश यात मिसळला असणार. मास्तर सीटवर मागे टेकले आणि बाणाकडे बघत राहिले. बिघडलेला बाण असा चालत नाही. तो थरथरतो, नदीत उडी मारतो, इमारतीवरून जातो. हा रस्ता धरून चालला होता. चौकात थांबला. पस्तीस-चाळीस सेकंदांनी हलला. सिग्नल सुटल्यासारखा.

त्यांनी रिव्हर्स गिअर टाकून मागचा कॅमेरा बघितला. गाडीच्या मागे पत्र्याची भिंत होती आणि टायरांची चळत. कॅमेऱ्यात डांबरी रस्ता होता, भरभर लांब जाणारा. मधली पांढरी रेघ. एक सायकलवाला आला, लहान झाला, गेला.

मास्तर खाली उतरले. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. कॅमेऱ्यासमोर हात हलवला. परत येऊन बघितलं. रस्ताच.

त्यांनी कॅमेऱ्याची काच फडक्यानं पुसली. मग स्वतःचाच राग आला. काच पुसून काय होणार होतं?

पुन्हा नकाशा लावला. बाण एका गल्लीत शिरून थांबला होता, औषधांच्या दुकानासमोर. चार मिनिटं. मग पुलावरून पलीकडे. मग एका तिठ्यावर डावीकडे, पाण्याच्या टाकीमागे. तिथे पुन्हा थांबला.

त्या टाकीमागे एक पांगळे गृहस्थ राहत. मास्तरांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते ठाऊक होतं, कारण त्यांची लेक दर शनिवारी त्या गृहस्थांची पट्टी बदलायला जाई. घरोघर जाऊन रुग्ण बघणारी परिचारिका होती ती. नाव काहीही असो, घरात ती टिटवी, कारण जागी असेपर्यंत तिचं तोंड बंद म्हणून नसे. कुणाकडे किती वाजता, याची यादी ती दर शनिवारी फ्रिजवर चिकटवून जाई. औषधांचं दुकान, टाकीमागचे गृहस्थ, मग खाणीच्या रस्त्यानं पलीकडच्या वस्तीत एक बाळंतीण.

बाण हलला. खाणीच्या रस्त्याला लागला.

मास्तरांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

नकाशाखाली एक बारीक पट्टी असते. सध्या काय वाजतंय ते तिच्यात दिसतं. तिथे बुवांचं नाव हवं होतं. बुवा तर स्पीकरमधून गातच होते. पट्टीत अक्षरं होती: धडा नववा, फुप्फुसे, चित्रफीत.

ते नऊ धडे मास्तरांनीच तिला भरून दिले होते. पुढच्या महिन्यात तिची वरच्या जागेची परीक्षा होती. "बाबा, दिवसभर गाडीतच असते हो मी. अभ्यास करू कधी? नुसतं ऐकीन, बघणार नाही, तुमची शपथ." तीन दिवस ती मागे लागली होती. चौथ्या दिवशी मास्तर तिच्या गाडीत वाकले. आधी धडा दिला, मग तार जोडली.

वेगाचा आकडा त्र्याहत्तर होता.

खाणीचा रस्ता उताराचा. उताराच्या टोकाला आंधळं वळण, आणि तिथूनच खडीचे ट्रक बाहेर पडतात, अर्धा रस्ता खाऊन.

मास्तरांनी फोन काढला. तिचं नाव काढलं. अंगठा हिरव्या खुणेवर नेला आणि तिथेच थांबले.

फोन लागला की तिचा पडदा पूर्ण भरणार. मोठ्ठा फोटो, बाबा अशी अक्षरं, खाली हिरवा गोल, तांबडा गोल. तो फोटो त्यांनीच हौसेनं लावून दिला होता. आणि ती बघणारच. तिनं आजवर त्यांचा एकही फोन वाजत ठेवला नव्हता. फोन वाजू द्यायचा हे त्यांनी साऱ्या गावाला शिकवलं होतं, तिला शिकवताना मात्र तीच हसून म्हणाली होती, "तुमचा सोडून, बाबा."

एकाहत्तर. चौऱ्याहत्तर.

न लावावा तर ती धडा बघतेय. लावावा तर ती फोटो बघेल.

त्यांनी फोन सीटवर पालथा टाकला.

स्पीकरमधले बुवा गाता गाता थांबले. सभा गप्प झाली.

मास्तर खाली वाकले, चाकाच्या दांड्याखाली डोकं घातलं. हात आंधळेपणानं तारांमधून फिरला. काळ्या पट्टीत गुंडाळलेला स्वतःचाच सांधा बोटांना लागला. कटर मागच्या खिशात होता. त्यांनी तपकिरी तार पात्यात धरली.

"ऐकताय ना?" बुवा म्हणाले.

मास्तरांनी तार तोडली.

वर पडदा काळा झाला. बुवाही बंद. दुकानात इतकी शांतता, की पत्रा उन्हानं तडतडतोय तेही ऐकू आलं. मास्तर तसेच, डोकं आत घालून, किती वेळ पडून राहिले कोण जाणे.

मग वर उजेड पडला.

गाडी थांबली आहे. आता चित्र पाहता येईल.

थांबली. कशी थांबली? नकाशावर बाण वळणाच्या अलीकडे होता. हलत नव्हता.

आता फोन लावायला हरकत नव्हती. थांबलेली आहे ना. एकदा वाजला. दोनदा. पाचदा. नऊदा.

"काय हो बाबा!" टिटवी कडाडली. "तुमचा तो पडदा कसला बसवलाय? ऐन रस्त्यात चित्र गेलं. वर मलाच सांगतोय, रस्त्याकडे लक्ष द्या म्हणून!"

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"थांबलीस ना?"

"थांबले म्हणजे काय, थांबावंच लागलं. चित्र गेलं नि मागच्या सीटवरून कुणीतरी बोलल्यासारखं झालं. दचकलेच. गाडी कडेला घेतली, बघते तर मागे कुणी नाही. तेवढ्यात वळणावरून ट्रक आला, बाबा. माझ्या बाजूनं. अख्खा माझ्या बाजूनं." तिचा आवाज एकदम लहान झाला. "मी तिथे असते ना..."

"काय बोललं? मागून?"

"सोडा हो. भास असेल."

"टिटवे, काय बोललं?"

"ऐकताय ना, असं काहीतरी."

पाचच्या सुमारास ती दुकानातच आली. मास्तरांनी तिला काही सांगितलं नाही. "पडदा बघतो जरा," म्हणून तिच्या गाडीत वाकले आणि विजेरी लावली. तिची तपकिरी तार ते तोडणारच होते, तिथल्या तिथे, तिच्यादेखत.

तार तुटलेली होती.

तांबं ताजं चकाकत होतं. आणि एक बारीक केसासारखा तंतू तुटायचा राहिला होता. मास्तरांच्या कटरच्या पात्याला एक खाच पडलेली होती. त्यानं तोडलेल्या प्रत्येक तारेत असा एक तंतू मागे राही. गेल्या वर्षापासून नवा कटर घ्यायचा घ्यायचा म्हणत होते.

"काय झालंय हो?" टिटवीनं विचारलं.

"काही नाही. तार तुटलीय. तुटलेलीच बरी."

"मग माझा अभ्यास?"

"घरी करायचा. मी उठवीन पहाटे. चहासुद्धा करून देईन."

"तुम्ही? चहा?" ती हसली आणि गेली. या खेपेस पडद्याकडे न बघता गेली.

मास्तर करड्या गाडीपाशी आले. वाकले. विजेरी मारली. दुपारी तोडलेली तार जिथे असायला हवी होती, तिथे त्यांचा सांधा होता. काळ्या पट्टीत गुंडाळलेला, वर दोन आठवड्यांची धूळ बसलेला. अखंड.

दारात चपला वाजल्या. "काय मास्तर, झालं का?" डॉक्टर आले होते. शेजारच्या सीटवर येऊन बसलेसुद्धा.

मास्तरांनी किल्ली फिरवली.

गाडी धावत आहे.

"झालं! पहिले पाढे पंचावन्न," डॉक्टर म्हणाले. "अहो, दिवसभर केलंत काय?"

नकाशा उघडा होता. निळा बाण एका रस्त्यानं चालला होता. मास्तरांच्या ओळखीचा नव्हता तो रस्ता. लांबलचक, सरळ, दोन्ही बाजूंना काही नसलेला. वेग ब्याण्णव. खालच्या पट्टीत कुठल्याशा विनोदी सिनेमाचं नाव.

कुणाची गाडी? अकरा वर्षांत किती वाकणं, किती पाच मिनिटं. कुणाला फोन करायचा?

"डॉक्टर, सरका," मास्तर म्हणाले, आणि कटर काढून खाली वाकले. सांधा सापडला. पट्टीवरची धूळ बोटांना लागली. त्यांनी तार पात्यात धरायला घेतली.

"अरे वा!" वरून डॉक्टरांचा आवाज आला, खुशीतला. "झालं की हो मास्तर!"

मास्तरांनी अजून तार तोडलेली नव्हती.

त्यांनी हळूहळू डोकं बाहेर काढलं. पडद्यावर पांढरी अक्षरं होती. गाडी थांबली आहे. आता चित्र पाहता येईल.

"चला, सुटलो एकदाचे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गंमत म्हणून रिव्हर्स गिअर टाकला आणि पडद्याकडे वाकून बघितलं. "पण हा कॅमेरा काय दाखवतोय, मास्तर? मागे तर तुमचे टायर आहेत ना?"

कॅमेऱ्यात आभाळ होतं. स्वच्छ, संध्याकाळचं. आणि वरच्या कडेला गवताची चार पाती, खाली डोकं करून, अजून हलत होती.