सहाव्या वर्षाची तपासणी

दर्शना काही भित्री मुलगी नव्हे हो. रत्नागिरीहून स्कूटर काढायची, एकटीने गावं पालथी घालायची, हे तिचं रोजचंच. मुंबईच्या एका इस्पितळाने हृदय पार थकलेल्या काही रुग्णांना जनुकांचं नवं औषध टोचलं होतं. पुढे त्याने अंगात काही भलतंच तर होत नाही ना, हे पंधरा वर्षं दरसाल बघायचं होतं. आधीचा निलेश नोकरी सोडून गेला आणि ही कामगिरी तिच्या गळ्यात पडली.

देवरूखच्या वरच्या वाडीत ती दुपारी पोचली. तिथला रुग्ण सखाराम, त्याच्या तपासणीचं हे सहावं वर्ष. तो पडवीत बाजेवर पडून होता. बायको कमळा उशाशी, धाकटा भाऊ गंगाराम पायाशी. घराला ओल्या राखेचा वास येत होता.

दर्शनाने सखारामच्या छातीला वायरी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. ठोके छान, एकसारखे.

"गंगारामभाऊ, जरा पाणी देता?"

गंगाराम विहिरीकडे गेला. पट्टीवरची रेघ खाली बसत चालली. सखारामचे ओठ काळेनिळे... डोळे अर्धे मिटलेले. दर्शनाने वायरी दाबून पाहिल्या, यंत्राला चापट मारली. तेवढ्यात गंगाराम कळशी घेऊन आला आणि रेघ पुन्हा उभी राहिली.

"भावोजी लांब गेले का असंच होतं, बाय," कमळा हळूच म्हणाली. "वरीस झालं, त्यांनी आंगण सोडलं नाय."

मग एकेक उलगडलं. चार वर्षं सखाराम लांब परगावी कामाला होता, रजा मिळत नव्हती. तपासणी बुडली तर इस्पितळाची फुकट औषधं बंद होतील, या धास्तीने त्याच्या जागी गंगाराम झोपायचा. निलेश नियमाप्रमाणे नाव पुकारायचा, "सखाराम काशीराम!" आणि गंगाराम ओ द्यायचा.

"दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ नये, आजा सांगायचा," गंगाराम म्हणाला. "पण म्हटलं, कागदाचंच तर काम. मी इथं ओ दिली का त्याच दिवशी दादा तिकडं खचायचा. चौथी ओ दिली नि तो बाजेवरच घरी आला, तवापास्नं मी जवळ असलो तरच जगतो..."

"अहो, काहीतरीच काय!" दर्शना चिडली. तिने जुने अहवाल उलटले. चारही वर्षं रक्तात ते नवं जनुक सापडलं होतं. मग ते रक्त... गंगारामचं?

"तुम्हालाही टोचलं होतं का ते औषध?"

"कधीच नाय. रक्त काढून न्हेलं, तेवढंच." त्याचा आवाज फुटला. "सोडव मला, बाय. जन्मभर ह्या बाजेच्या पायाशीच बसू काय?"

दर्शनाचं डोकं चालेना. असं होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि पट्टी तर हातात होती.

"तू नाव पुकार," कमळाने तिचा हात धरला. "ह्यांचे हेच ओ देतील. ज्याचं त्याला मिळंल."

तसाही तो नियमच होता. दर्शनाने घसा खाकरला.

"सखाराम काशीराम!"

सखारामचे ओठ हलले. आवाज उमटेना. गंगारामने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. आणि मग...

"ओ."

स्पष्ट. जवळून. दर्शनाच्याच घशातून.

तिने म्हटलं नव्हतं. देवाशपथ, तिने म्हटलं नव्हतं! छातीत मात्र एक ठोका पडला आणि त्याच्या मागोमाग दुसराच कोणाचा तरी.

गंगाराम उठला. पडवीची पायरी उतरला, अंगणाच्या बेड्याबाहेर गेला, पाणंदीच्या वळणाआड दिसेनासा झाला. पट्टीवरची रेघ खाली बसली नाही. ठोके छान, एकसारखे.

"मी... मी निघते," दर्शना चाचरली.

कमळाने स्कूटरची किल्ली उचलून पदराच्या गाठीत बांधली.

"बस ना, बाय," ती मायेने म्हणाली. "च्या टाकते."