पाठीमागची फुली

“कानावर आलं तेवढंच लिही, पोरी. एक फुली जास्त नको, एक कमी नको.”

मास्तरांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दहा वर्षांची होते. आज त्यांचं हे रानातलं शिबिर मी चालवते, आणि पहिल्या सकाळी माझ्या तोंडून तेच शब्द निघतात. त्यांच्याच चालीत, ‘नको’वर जरा थांबून.

आमची पद्धत साधी आहे. मोकळवनात बारा मुलं मोठ्या वर्तुळात बसतात, एकमेकांकडे पाठ करून, तोंडं झाडांकडे. मांडीवर कागद. कागदाच्या मधोमध एक ठिपका, म्हणजे आपण. वीस मिनिटं गप्प राहायचं आणि जो आवाज जिथून येईल तिथे फुली मारायची. वर्तुळाच्या मध्यावर एक सपाट दगड आहे. त्यावर मी बसते.

यंदाची मुलं गुणाची निघाली. त्यांतल्या एका मुलीला सगळे बडबडी म्हणतात. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, माझं पोट गुरगुरलं. त्याची फुली कुठे मारू?”

“ठिपक्यावरच मार,” मी म्हटलं. पोरं खिदळली, पण तिनं खरंच मारली. मला बरं वाटलं. खोटं लिहिणारं पोर असं विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन कागदांवर एकच नोंद आली. दोन शिट्या सरळ, तिसरी फुटकी.

माझा हात थांबला.

कचेरीच्या भिंतीवर माझ्या दहाव्या वर्षीचा कागद चौकटीत लावलेला आहे. त्यावर हीच नोंद, आणि खाली मास्तरांची सही. त्या वर्षी खाणीचा रस्ता या रानातून जाणार होता. खुंट्यासुद्धा ठोकून झाल्या होत्या. पुस्तकांत ‘हरवलेला’ म्हणून लिहिलेला एक पक्षी इथे कधीकाळी होता. तो तीन शिट्या घालतो, एवढंच जुन्या माणसांना आठवत होतं. माझा कागद वर गेला, तपासणारे आले, आणि रस्ता डोंगराला वळसा घालून गेला. रान वाचलं. चाळीस वर्षांत हजारो मुलं त्याच्या सावलीत ऐकायला शिकली. माणसं मला अजून दाखवतात, हीच ती मुलगी म्हणून.

मी काहीच ऐकलं नव्हतं. मास्तर त्या खुंट्यांकडे बघत उभे होते, आणि मला ते पाहवलं नाही. म्हणून लिहिलं. “कशी शीळ होती गं?” त्यांनी विचारलं तेव्हा मी घालून दाखवली. पुढचा दात पडला होता, तिसरी शीळ फटीतून फसली.

मुलांनी चौकट वाचली असणार, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी सात कागदांवर शीळ होती. चौथ्या दिवशी बाराही कागदांवर. बडबडीनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तिसरीत दातातून गेल्यासारखा फस्स असा वारा.’

चौकटीतल्या कागदावर वाऱ्याचा शब्दही नाही.

“कुठून आली गं शीळ?” मी विचारलं.

“पाठीमागून.”

“वळून पाहिलंस?”

“वळायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना!”

दुपारी मुलं ओढ्यावर गेली. मी कचेरीची फरशी पुसली आणि बारा कागद बसण्याच्या क्रमानं गोल मांडले. प्रत्येक फुली ठिपक्याच्या मागे होती. बाराही जणांची पाठ एकाच जागेकडे होती. मी दोरा धरून पाहिला. एकदा, दोनदा. बारा रेघा मधल्या दगडावर येत होत्या.

दगडावर मी होते. चारही दिवस. मी काहीच ऐकलं नव्हतं.

कागद गोळा करून मी मास्तरांकडे गेले. आता त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं झाली. ते शिबिराच्या आवारातच, शेवटच्या खोलीत राहतात. कानाचं यंत्र लावलं तरी त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी एकेक कागद हातात देत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

“बारा पोरं आणि एक ऐकणं,” ते म्हणाले. “खाडाखोड नाही, शेजाऱ्याची नक्कल नाही. अशी तुकडी माझ्याही हातून घडली नव्हती. तू माझ्या पुढे गेलीस, पोरी.”

हे शब्द ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले होते. आणि ते असे, खोट्यावर उभे असताना मला घेववेनात.

मी त्यांच्या कानाशी वाकले. “मास्तर, मी तेव्हा खोटं लिहिलं होतं. पक्षी नव्हताच.”

त्यांनी मान हलवली. “ठाऊक आहे. दात पडलेल्या पोरीची शीळ मला कळणार नाही होय?”

“मग सही का केलीत?”

“रान जात होतं.” त्यांनी कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या. “जन्मात तेवढं एकच खोटं. अभिमान आहे मला त्याचा, तुझाही आहे. पण सही केली म्हटल्यावर ते खरं करणं माझ्याकडे आलं. म्हणून पहाटे जात होतो. त्या दगडावर बसून तुझी शीळ घालायचो, तशीच, फुटकी.”

“कशासाठी?”

“शिकवायला.”

“कुणाला?”

कानातलं यंत्र काढून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि रानाकडे मान जरा कलती केली, वर्गात मूल ऐकतं तशी. मला वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं बोट मात्र खुर्चीच्या हातावर हललं. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा, अडखळत.

“हे काढलं की स्पष्ट येतं,” ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला.

“वीस वर्षं नुसता मीच शीळ घालत होतो. मग एका पहाटे उत्तर आलं. अगदी पाठीशी, श्वास मानेला लागेल इतकं जवळ. माझ्या नोंदवहीत मी ते कधी लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कोण शिकलं ते मला ठाऊक नाही, पोरी. मी वळून पाहिलंच नाही.”