पुसलेला शब्द

कार्डाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एक शब्द पुसला गेला होता. चष्म्याचा नंबर काढायला आलेला प्रत्येक माणूस वाचनाचं कार्ड धरताना अंगठा नेमका तिथेच ठेवायचा. वर्षानुवर्षांच्या अंगठ्यांनी सगळ्यात बारीक ओळीतला शेवटचा शब्द खाऊन टाकला होता, आणि तिथे आता फक्त एक करडा डाग होता. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढायचं काम तिचं, त्यामुळे तो डाग ती रोज बघायची. कार्ड बदलायला हवं, असंही रोज म्हणायची.

कार्डावर थोरामोठ्यांची वचनं होती. वर ठळक अक्षरांत कुठल्याशा राजाचं, मग एका तत्त्ववेत्त्याचं, मग एका सेनापतीचं. जसजसं खाली जावं तसतशी अक्षरं बारीक, आणि उपदेश मात्र तेवढाच मोठा. दिवसभर माणसं तिच्यासमोर बसून ती वचनं वाचत. ती भिंग बदलत विचारत राही, आता स्पष्ट दिसतंय, की आधीचं बरं होतं? संध्याकाळपर्यंत तिचा आवाज स्वतःलाच परका वाटू लागे.

त्या दिवशी शेवटचा माणूस आला तेव्हा ती दिवा मालवायच्या बेतात होती. चाळिशीच्या आसपासचा, बोटांच्या पेरांत शाई मुरलेला. त्याने कार्ड हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून टाकलं. शेवटची ओळसुद्धा — जो थकत नाही, तोच अखेर जिंकतो.

"थांबा," ती म्हणाली. "शेवटचा शब्द कोणता वाचलात?"

"जिंकतो."

"तिथे शब्दच नाहीये."

त्याने कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, मग पुन्हा हात पूर्ण ताणून लांब नेलं. नंतर हळूच मांडीवर ठेवलं.

"खरं सांगू का... मला त्या राजाच्या खालचं काहीच दिसत नाहीये. हे कार्ड मीच छापलंय. पाठ आहे."

ती हसली. दिवसातलं पहिलं हसू होतं ते, आणि जरा गंजलेलं निघालं. चाळिशी लागली हे कबूल करायला इतकी लाज कसली, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, लाज नाही हो, छापखान्यातली पोरं आजपासून काका म्हणतील.

नंबर काढता काढता तिने कार्डाबद्दलची तक्रार त्याच्या कानावर घातली. वचनं ओळखता येतात, ही खरी अडचण होती. माणसाला अर्धं वाक्य दिसलं की उरलेलं तो आपसूक म्हणतो, आणि तपासणारा फसतो. तिने नमुना म्हणून दुसऱ्या वचनाचा अर्धा भाग हाताने झाकला आणि बाहेर काउंटरवरच्या मुलीला हाक मारून, उघडा भाग वाचून पुढचं विचारलं. त्या मुलीने केस बांधता बांधता उरलेलं वचन बिनचूक म्हणून दाखवलं.

"म्हणजे तुम्हाला कोणालाही ओळखता येणार नाही असं वाक्य हवंय," तो म्हणाला.

"हो. आणि जमलं तर कमी उपदेशाचं. डोळ्यांनी आधीच हैराण झालेली माणसं असतात ती."

नवं कार्ड करायचं काम त्याच्याकडेच गेलं. आठवड्या-पंधरवड्याने, दवाखाना बंद व्हायच्या सुमारास, तो कच्चे नमुने घेऊन यायचा. काउंटरवरची मुलगी आत डोकावून सांगायची, तुमचे वचनवाले आलेत. 'तुमचे' हा शब्द ती जरा लांबवायची. मग दोघं दिव्याखाली बसून वाक्यं तपासायची. त्याच्या नव्या चष्म्यावर दिव्याचा पिवळा ठिपका पडायचा. शाईचा आणि पावसात भिजलेल्या कागदाचा वास खोलीत रेंगाळायचा. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत कामापुरतं बघणाऱ्या तिला, त्याच्या डोळ्यांत बिनकामाचं बघताना उगाच अवघडल्यासारखं व्हायचं...

एकदा तिने थकून कपाळ चोळलं. तो म्हणाला, इतकी वर्षं डायऱ्यांवर, कॅलेंडरांवर, शाळांच्या तक्त्यांवर वचनं छापतोय, पण एकही थोर माणूस कधी दमलेला दिसला नाही.

"दमली असतील," ती म्हणाली. "तेव्हा जे बोलली ते कोणी लिहून घेतलं नसेल."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पुढच्या नमुन्यांत वेगळीच वाक्यं येऊ लागली. डब्याचं झाकण शेजाऱ्यांकडे राहिलं आहे. निळ्या छत्रीची एक काडी मावशीने दोऱ्याने बांधली. तिने भुवई उंचावून विचारलं, हे कोणाचं वचन?

"एका थोर माणसाचं. अजून थोर व्हायचाय, पण होईल."

त्याच संध्याकाळी कागदांची गुंडाळी करता करता, तिच्याकडे न बघता, त्याने विचारलं, आपण लग्न करूया का. तिच्या तोंडून निघालं, बघू.

तो 'बघू' लांबत गेला. राजाला वर तसंच ठेवून त्यांनी कार्डाच्या बाकीच्या ओळी एकेक करून ठरवल्या. शेवटची बारीक ओळ तेवढी कोरी राहिली, कारण ती तुम्ही सांगा, असं त्याने म्हटलं होतं आणि ती सांगत नव्हती. त्याने पुन्हा विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाला की कार्ड छापून झालं की त्याला इथे यायला काही निमित्त उरणार नाही, आणि निमित्त नसताना येऊन बसणं त्याला जमायचं नाही.

घरी आईने सरळच विषय काढला. तुला तो आवडत नाही का? आवडतो, ती म्हणाली. मग घोडं अडलंय कुठे? तिला नीट सांगता येईना. नवं काही सुरू करायचं तर माणसात उमेद हवी, झपाटलेपण हवं, असं तिला वाटत होतं. तिच्यात तर संध्याकाळी भाजी निवडायचं त्राण नसायचं.

"मग त्याला निवडायला सांग," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

अखेर दवाखान्याच्या डॉक्टरांनी तंबी दिली. पुरे झालं, ओळ मिळो न मिळो, कार्ड उद्या छापायला गेलं पाहिजे. नाहीतर जुनीच ओळ घाला.

त्या संध्याकाळी तो शेवटचा नमुना घेऊन आला. काउंटरवरची मुलगी निघून गेली होती. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि वाचायला सांगितलं. तो शहाण्यासारखा वाचत गेला. राजा, झाकण, छत्री. तळाशी येऊन थांबला.

"इथे काही नाहीये."

"नाहीये."

"मग जुनीच घालू? जो थकत नाही, तोच..."

"ती नको."

तिने त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं. त्याच्या अंगठ्याचा शाईचा ठसा कोऱ्या ओळीवर आत्ताच उमटला होता. ती समोरच्या स्टुलावर बसली. सवयीने फ्रेम सरळ करायला तिचा हात पुढे झाला आणि त्याच्या कानापाशीच थांबला.

"एक वाक्य आहे," ती म्हणाली. "पण ते छापायचं नाही."

"अर्धं सांगा. पुढचं ओळखतो."

"नाही येणार ओळखता."

"बघा हं. सगळ्या थोरांची पाठ आहेत मला."

"मी थकलेय," ती म्हणाली. "आज थकलेय, उद्याही थकलेली असेन. लग्नाच्या दिवशीसुद्धा बहुतेक..."

जाड भिंगांमागे त्याचे डोळे खूप मोठे दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

"...पण मला तुमच्याशीच लग्न करायचंय."